वाचकांचे प्रश्न : स्की क्रॉसची वाट कोल्हापुरातून निघते का?

हिवाळी ऑलिंपिकमधील स्की क्रॉसच्या शर्यती पाहिल्यानंतर या खेळाविषयी विचारणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आणि त्यांतील बहुतेक कोल्हापूर शहरातून आली आहेत. याचे आश्चर्य वाटत नाही. ज्या गावात पेठांच्या फुटबॉल सामन्यांवरून घराघरांत वाद रंगतात, त्या गावाला चार जण एकाच क्षणी सुटून, एकमेकांना खेटून बर्फाचा उतार उतरतात हे दृश्य आवडणारच. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. लहानपणापासून ती रोलर स्केटिंग करते आणि जिल्हा पातळीवर तिला पदकेही मिळाली आहेत. स्की क्रॉस पाहिल्यापासून ‘मला हेच करायचे आहे’ असा तिने धोशा लावला आहे. आमच्या घरात कोणी बर्फ पाहिलेला नाही. या खेळात कारकीर्द घडते तरी कशी, सुरुवात कोणत्या वयात व्हावी लागते आणि कोल्हापुरात राहून काही करता येईल का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, मुलीला हो किंवा नाही सांगण्यापूर्वी हा खेळ नेमके काय मागतो ते पाहू. स्की क्रॉसची गणना आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये केली आहे. परंतु फ्रीस्टाइलच्या इतर प्रकारांप्रमाणे येथे परीक्षक गुण देत नाहीत. आधी प्रत्येक खेळाडू एकट्याने मार्ग उतरतो आणि त्या वेळेवरून क्रम लागतो. मग चौघाचौघांच्या फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीतले पहिले दोघे पुढे जातात आणि उरलेल्या दोघांचा दिवस तिथेच संपतो. बत्तीस जणांची स्पर्धा असेल तर विजेत्याला त्या दिवशी चार वेळा तोच मार्ग उतरावा लागतो, तोही दर वेळी जिंकण्याच्या किंवा निदान दुसरे येण्याच्या तयारीने. एक फेरी साधारण एक-सव्वा मिनिटाची असते. मार्गावर लागोपाठचे उंचवटे, उंच काठाची वळणे आणि मोठ्या उड्या बांधलेल्या असतात, आणि वेग मोटारीने महामार्गावर गाठावा इतका होतो.

यातले कौशल्य दूरचित्रवाणीवर फारसे कळत नाही. उंचवट्याच्या चढावर गुडघे छातीकडे घेऊन धक्का जिरवायचा आणि पलीकडच्या उतारावर पाय दाबून वेग काढायचा, हे सेकंदा-दोन सेकंदांच्या अंतराने करत राहावे लागते. प्रेक्षकांना उंच उडी आवडते. शर्यत करणाऱ्याला मात्र हवेत घालवलेला वेळ नको असतो, म्हणून उत्तम खेळाडू उडीच्या कडेवरच अंग दुमडून शक्य तितका खाली राहतो. सुरुवातीचे फाटक पडताच दोन्ही बाजूंच्या दांड्या हातांनी मागे ओढून स्वतःला पुढे फेकायचे असते आणि या पहिल्या काही सेकंदांत पुढे कोण गेला यावर पुष्कळ अवलंबून असते. कारण पहिले वळण आले की चौघांना पुरेल इतकी चांगली रेषा तिथे नसते. एकट्याने घेतलेल्या फेरीत ज्याची वेळ चांगली, त्याला फाटक निवडण्याचा पहिला हक्क मिळतो. त्यामुळे ती एकट्याची फेरी नुसती पात्रतेपुरती नसते.

आता वाटेविषयी. स्की क्रॉसचा खेळाडू सहसा स्की क्रॉसमध्ये तयार होत नाही. तो अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे काठ्यांमधून वळणे घेत एकट्याने उतार उतरण्याच्या खेळात वाढतो आणि पंधरा-वीस वर्षांच्या दरम्यान, काही वेळा पुष्कळच उशिरा, इकडे वळतो. नॉर्वेच्या हेडा बेर्नत्सेन यांनी २००१ च्या अल्पाइन जागतिक स्पर्धेत स्लालम या जवळजवळच्या वळणांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले होते. २०१० मध्ये व्हँकुव्हरला स्की क्रॉस प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा त्यांनी त्यात रौप्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत पुरुषांचे कांस्यपदक जिंकणारे औदुन ग्रोनवोल्ड हेही आधी अल्पाइनचे खेळाडू होते. फ्रान्सच्या ओफेली दाविद यांची गोष्ट तर आणखी लांबची आहे. त्यांनी १९९४ च्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीकडून अल्पाइन स्कीइंग केले, पुढे फ्रान्सकडून स्की क्रॉसमध्ये उतरल्या, २००७ मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि तिशी ओलांडल्यावर व्हँकुव्हरच्या स्पर्धेतही धावल्या. ही उदाहरणे अशासाठी दिली की तुमच्या मुलीला आज स्की क्रॉस शिकवणारा शोधण्याची गरज नाही. तिला स्की शिकवणारा हवा आहे. वळणे घेण्याचा पाया कच्चा असलेल्या मुलीला चौघांच्या शर्यतीत उतरवणे कोणताही जबाबदार प्रशिक्षक मान्य करणार नाही.

वयाच्या बाबतीत तुम्हाला खोटा दिलासा द्यावा असे वाटत नाही. महासंघाच्या स्पर्धांत सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रवेश मिळतो आणि तोवर युरोप-कॅनडातील मुलांचे दहा-बारा हिवाळे बर्फावर गेलेले असतात. कॅनडाच्या केल्सी सर्वा यांना २०१४ मध्ये रौप्य आणि २०१८ मध्ये सुवर्ण मिळाले. बिग व्हाइट या स्की केंद्राच्या संस्थापकांपैकी एक त्यांचे आजोबा होते, म्हणजे घराच्या दारातच उतार होता. आपल्याकडचे दाखलेही तेच सांगतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू असलेले आरिफ खान गुलमर्गचे. त्यांच्या वडिलांचे तिथे स्कीच्या साहित्याचे दुकान होते आणि ते चौथ्या वर्षापासून स्की करत होते. जायंट स्लालम या मोठ्या वळणांच्या अल्पाइन शर्यतीत ते पंचेचाळिसावे आले, आणि ही कामगिरी कमी लेखण्यासारखी नाही. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे भारताला स्कीइंगमधले पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणाऱ्या आंचल ठाकूर मनालीजवळच्या. ‘जमैकासारख्या उष्ण देशाचा खेळाडू स्की क्रॉसमध्ये होता ना?’ असे आणखी दोघा वाचकांनी विचारले आहे. होता, एरल कर हे २०१० मध्ये नववे आले. पण जमैका हा त्यांच्या वडिलांचा देश आणि ते स्वतः कॅलिफोर्नियाच्या बर्फाळ डोंगरांत वाढले, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

तेव्हा चौदाव्या वर्षी, बर्फ न पाहिलेल्या मुलीने विश्वचषकाच्या, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या जागतिक शर्यतमालिकेच्या, पातळीवर पोहोचणे अतिशय अवघड आहे, असे आमचे मत आहे. याचा अर्थ तिने स्कीइंग करू नये असा मात्र नाही. स्केटिंगमुळे तिला गुडघे वाकवून खाली बसण्याची, वेगात तोल सांभाळण्याची आणि शेजारी दुसरा खेळाडू असताना न बिचकण्याची सवय असणार, आणि या तिन्ही गोष्टींचा उपयोग होतो. पुढच्या हिवाळ्यात तिला गुलमर्ग येथील केंद्र सरकारच्या स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत किंवा उत्तराखंडातील औली येथे प्राथमिक अभ्यासक्रमाला पाठवावे. मनालीजवळ सोलंगलाही शिकता येते. पहिल्या अभ्यासक्रमातून एवढेच कळावे, की रोज पहाटे ओले बूट चढवून, शंभरदा पडून, कडाक्याच्या थंडीत पुन्हा वर जाणे तिला आवडते की तिला फक्त ऑलिंपिकमधली शर्यत आवडली आहे. यातला फरक मुलीला स्वतःलाच कळेल. तो घरी बसून आईवडिलांनी ठरवू नये.

कोल्हापुरात राहून काय करता येईल, याचे उत्तर मात्र उत्साहाने द्यावेसे वाटते. या खेळाला लागणारी ताकद बर्फावर मिळत नाही, ती उन्हाळ्यात कमवावी लागते. उडीनंतर खाली येताना संपूर्ण शरीराचा भार मांड्यांनी आवरून धरायचा असतो. त्यासाठी बैठका, वजन घेऊन हळूहळू खाली बसण्याचे व्यायाम, उंचावरून उडी मारून स्थिर उभे राहण्याचा सराव आणि पोट-कंबरेची बळकटी हवी. सुरुवातीच्या फाटकातून निसटण्यासाठी खांदे आणि पाठ लागतात. आपल्या तालमीतल्या जोर आणि बैठकांपेक्षा यात नवे काही नाही, फक्त मुलींना त्या शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवणारा माणूस शोधावा लागेल. बीएमएक्स सायकलची शर्यत स्की क्रॉसला फार जवळची आहे. फाटक, उंचवटे आणि कडेची वळणे तिथेही असल्यामुळे परदेशांतील स्की क्रॉसचे खेळाडू उन्हाळ्यात सायकलवर सराव करताना दिसतात. मातीत उंचवटे घालून असा छोटा मार्ग बांधायला फार मोठा खर्च येत नाही, आणि एखाद्या मंडळाने मनावर घेतले तर मुलांची सोय होईल.

परंतु यापुढचा प्रश्न व्यायामाचा नाही. ही मुलगी डिसेंबर ते मार्च कोठे राहणार, हा आहे. नेमक्या याच महिन्यांत दहावीची परीक्षा येते. वीरधवल खाडे यांनी जलतरणासाठी कोल्हापूर सोडून बंगळुरू गाठले आणि २००८ च्या ऑलिंपिकपर्यंत मजल मारली. पण बंगळुरूत बारा महिने तलाव असतो, तर गुलमर्गलाही बर्फ तीन-चार महिनेच टिकतो आणि अलीकडे त्याचाही भरवसा उरलेला नाही. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गमधील टप्पा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला होता. भारतात विश्वचषकाच्या दर्जाचा कायमस्वरूपी स्की क्रॉस मार्ग नाही. ज्यांना हे खरोखर करायचे आहे त्यांना उन्हाळ्यात आल्प्समधील हिमनद्यांवर किंवा न्यूझीलंड, चिली यांसारख्या दक्षिण गोलार्धातील देशांत आणि हिवाळ्यात युरोपात राहावे लागते. दहावीचे वर्ष पार पडेपर्यंत सुटीत अभ्यासक्रम, घरी व्यायाम आणि स्केटिंग चालू, एवढेच ठरवावे. त्यानंतर अल्पाइन स्पर्धांत तिची प्रगती कशी होते ते पाहून पुढचे बोलावे.

प्रश्न : आम्ही मातीतले पैलवान. शर्यत पाहताना असे दिसले की एकमेकांना खांदे लागतात, हात लागतात, आणि तरी कोणी काही म्हणत नाही. मग मध्येच एकाला मागे टाकतात. या खेळात धक्का मारायला परवानगी आहे की नाही?
— एक पैलवान, गंगावेश

उत्तर : पैलवान, धक्का लागणे चालते, धक्का मारणे चालत नाही. चार जण अरुंद मार्गावरून एकाच वेगात येत असताना स्पर्श टळत नाही, हे नियम मान्य करतात. पण हाताने ढकलणे, ओढणे, किंवा मागून येणाऱ्याची वाट जाणूनबुजून अडवणे हा दोष आहे. खेळाडूला ताकीद मिळते, पिवळे किंवा लाल कार्ड दाखवले जाते आणि बहुतेक वेळा त्या फेरीत शेवटच्या क्रमांकावर टाकले जाते. हेतू होता की नाही, हे पंच चित्रफीत पाहून ठरवतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात घुटना आणि ढाक या डावांवरून जसा पंच आणि पब्लिक यांच्यात वाद होतो, तसा तो येथेही होतो. फरक इतकाच की बर्फावरचा वाद कधीकधी न्यायालयापर्यंत जातो.

त्याचे अलीकडचे उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या महिलांच्या अंतिम फेरीत स्वित्झर्लंडच्या फॅनी स्मिथ तिसऱ्या आल्या. त्यांचा आणि जर्मनीच्या डॅनिएला मायर यांचा मार्गात स्पर्श झाला होता. पंचांनी स्मिथ यांना चौथ्या क्रमांकावर टाकले आणि कांस्यपदक मायर यांना मिळाले. स्मिथ यांच्या बाजूने अपील झाले; महासंघाच्या अपील मंडळाने तो स्पर्श हेतुपुरस्सर नव्हता आणि टाळता येण्यासारखाही नव्हता असे मानून पदक स्मिथ यांना दिले. मग जर्मन बाजूने क्रीडा लवादाकडे धाव घेतली. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये समझोता होऊन कांस्यपदक दोघींना मिळून देण्यात आले. शर्यत मिनिटभराची आणि निकाल दहा महिन्यांचा! पंचांनाही दोष देता येत नाही, कारण त्या वेगात ‘वाट घेतली’ आणि ‘वाट अडवली’ यांतील रेघ फार बारीक असते.

आणखी एक गंमत पैलवानांना आवडेल. या खेळात अंगाला चिकटलेला कपडा चालत नाही. अल्पाइनमध्ये वारा कापण्यासाठी घट्ट एकसंध पोशाख घालतात. स्की क्रॉसमध्ये सैल विजार आणि वेगळे जाकीट सक्तीचे असते, आणि कापड अंगापासून किती दूर ओढता येते ते मोजतात. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या तिघांनी, जाँ-फ्रेदेरिक शापुई, आर्नो बोव्होलेंता आणि जोनाथन मिदोल यांनी, तिन्ही पदके नेली, तेव्हा कॅनडा आणि स्लोव्हेनिया यांनी तक्रार केली की फ्रेंचांनी विजारीच्या खालच्या भागाला वाऱ्याला सोयीचा आकार दिला होता. लवादाने ती फेटाळली, कारण मुळात आक्षेप वेळेत नोंदवला गेला नव्हता. निकालानंतर पंधरा मिनिटांत तो द्यावा लागतो.

मागे असलेला माणूस संपला असेही येथे समजू नये. पुढच्याच्या पाठीमागे वारा कमी लागतो, त्यामुळे मागचा खेळाडू दम राखून शेवटच्या सरळ भागात त्याला गाठू शकतो. म्हणून अनुभवी खेळाडू प्रत्येक फेरी जिंकायला जात नाहीत. दुसरे येऊन पुढची फेरी गाठणे त्यांना पुरते.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. या खेळाडूंचा संसार कशावर चालतो? हा छंद आहे की व्यवसाय?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : आपला प्रश्न फार थोड्यांनी विचारला आहे, आणि मुलीच्या आईपेक्षा वडिलांनी तो आधी विचारायला हवा होता.

विश्वचषकाच्या प्रत्येक शर्यतीत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० अशी उतरती गुणसंख्या असते आणि हंगामाअखेर ज्याची बेरीज सर्वांत जास्त, त्याला स्फटिकाच्या गोलाचा करंडक मिळतो. बक्षिसाची रक्कम मुख्यतः वरच्या क्रमांकांना मिळते. स्की बनवणाऱ्या कंपन्या ठरावीक खेळाडूंनाच साहित्य देतात. हेल्मेटवरची मोकळी जागा खेळाडू स्वतः प्रायोजकाला विकतो. अव्वल पाच-दहा जण सोडले तर या सगळ्यातून घर चालत नाही. अल्पाइन स्कीइंगला युरोपात जो प्रेक्षकवर्ग आहे त्याच्या तुलनेत स्की क्रॉसचा लहान आहे, आणि प्रायोजकाचा पैसा प्रेक्षकांच्या मागे जातो.

मग पगार कोण देते? सरकार. इटलीत पोलीस आणि आर्थिक गुन्हे रोखणारे दल, जर्मनीत लष्कर आणि सीमाशुल्क विभाग, स्वित्झर्लंडमध्ये लष्कर अशा खात्यांनी हिवाळी खेळाडूंना नोकरीत सामावून घेतले आहे. त्यांना सराव आणि स्पर्धा करू दिल्या जातात आणि खेळ संपल्यावर खात्यात पुढचे आयुष्य असते. कोल्हापूरकरांना हे नवे वाटू नये. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. खेळाडूच्या कारकिर्दीचा खरा पाया पदक नसून महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार आहे, असे आम्हाला वाटते. तो असला की पुढचे पडणे-उठणे सोसता येते. आपल्याकडे हिवाळी खेळांत ही सोय प्रामुख्याने लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलात आहे, आणि त्यासाठी आधी त्या दलात भरती व्हावे लागते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र कोणता खेळ आणि कोणत्या पातळीची स्पर्धा ग्राह्य धरली जाते, ते शासन निर्णयात स्वतः वाचून घ्यावे, कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

खर्चाची बाजू आपल्यासारख्या माणसाला लगेच उमगेल. एका खेळाडूकडे सरावाच्या आणि शर्यतीच्या स्कीच्या वेगवेगळ्या जोड्या असतात. बर्फाच्या तापमानानुसार त्यांच्या तळाला मेण लावणारा आणि कडा धारदार करणारा कसबी माणूस लागतो. प्रशिक्षक, विमान, निवास, डोंगरावर नेणाऱ्या दोराच्या पाळण्याचे रोजचे तिकीट, आणि शर्यतीतील दुखापतीसाठी वेगळा विमा, कारण सर्वसाधारण प्रवास विम्यात शर्यत बहुधा वगळलेली असते. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊ शकले, कारण राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ती एका प्रवासाची रक्कम होती. स्की क्रॉसमध्ये तो प्रवास दर हिवाळ्यात, आठ-दहा वर्षे करावा लागतो, आणि दरवर्षी घर गहाण टाकता येत नाही.

प्रश्न : आमची नात म्हणते, ‘आजोबा, बर्फ मऊ असतो, पडले तरी लागत नाही.’ हे खरे आहे काय?
— एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : नाही, आजोबा. आकाशातून पडलेला बर्फ मऊ असतो; शर्यतीचा मार्ग दाबून आणि गोठवून कठीण केलेला असतो, कारण मऊ बर्फावर दहा जण गेले की खड्डे पडतात आणि मार्ग सर्वांना सारखा राहत नाही. त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने पडणे म्हणजे काय, ते नातीला समजावून सांगावे. कॅनडाचे निक झोरिचिच १० मार्च २०१२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे शेवटच्या उडीनंतर मार्गाबाहेर गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. ते २९ वर्षांचे होते. सोचीत कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या अ‍ॅना होल्मलुंड डिसेंबर २०१६ मध्ये इटलीत सराव करताना पडल्या आणि त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. रशियाच्या मारिया कोमिसारोवा यांचा पाठीचा कणा सोचीतच सरावात मोडला.

असे अपघात रोज होत नाहीत, हेही खरे. रोजची भीती गुडघ्याची असते. कॅनडाच्या मरिएल थॉम्पसन २०१४ च्या ऑलिंपिक विजेत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, तरी चारच महिन्यांनी त्या प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या आणि पहिल्याच फेरीत पडल्या. २०२२ मध्ये त्यांनी रौप्य मिळवले. त्यांचेच देशबांधव ब्रेडी लेमन यांचा २०१० मध्ये पाय मोडला आणि ऑलिंपिक हुकले, २०१४ मध्ये ते चौथे आले आणि २०१८ मध्ये सुवर्ण जिंकले. एका पदकासाठी आठ वर्षे गेली, आणि त्यांतील पुष्कळ महिने दवाखान्यात व व्यायामशाळेत गेले. ज्यांचा गुडघा पुन्हा जुळलाच नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे लक्षात ठेवून या कथा वाचाव्यात.

धोका पत्करणे हा या खेळाचा भागच आहे, पण तो कधी पत्करायचा हे ठरवण्यातच खेळाडूची पारख होते. २०१० च्या पुरुषांच्या अंतिम फेरीत कॅनडाचे क्रिस डेल बॉस्को तिसऱ्या स्थानावर होते. तसेच खाली आले असते तर कांस्य हातात होते. त्यांनी पुढच्याला गाठण्यासाठी जोर लावला, शेवटच्या टप्प्यात पडले आणि चौथे आले. त्यांच्या देशात काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी कौतुक केले. आम्ही कौतुक करणाऱ्यांपैकी आहोत. पण नात आमची नाही, तुमची आहे, तेव्हा हेल्मेट आणि पाठीचे कवच यांवर पैसे वाचवू नका, आणि एक मोसम संपूर्ण शिकून होईपर्यंत तिला मोठ्या उडीकडे पाठवणाऱ्या शिक्षकापासून दूर ठेवा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. आजवर एकदाही स्की केलेले नाही. दोन-तीन वर्षे झोकून देऊन सराव केला तर स्की क्रॉसमध्ये देशाचे प्रतिनिधित्व करता येईल का? स्पष्ट सांगावे.
— एक विद्यार्थी, कदमवाडी

उत्तर : नाही. ऑलिंपिकच्या स्की क्रॉसमध्ये पुरुषांच्या साधारण बत्तीसच जागा असतात, आणि त्या जगभरातील विश्वचषकाच्या खेळाडूंमधून भरतात; तुमच्या वयाचे त्यांतील खेळाडू गेली पंधरा वर्षे बर्फावर आहेत.

मात्र तुमच्या शिक्षणाला या खेळात जागा आहे. मार्ग बांधणारे लोक उडीचा कोन, उतरण्याच्या जागेचा उतार आणि तिथवर येणारा वेग यांचे गणित मांडतात, कारण उतरण्याची जागा सपाट झाली की गुडघे जातात. वेळ मोजणारी यंत्रणा आणि अंतिम रेषेवरची छायाचित्रे, कृत्रिम बर्फ तयार करण्याची आणि तो राखण्याची यंत्रे, दोराचे पाळणे, स्कीच्या तळाची निगा, खेळाडूच्या हालचालींचे मोजमाप ही सगळी कामे अभियंते आणि तंत्रज्ञ करतात. सुरुवात म्हणून औली किंवा गुलमर्गचा प्राथमिक अभ्यासक्रम करून स्वतः स्की शिकून घ्या, कारण बर्फावर उभे राहता न येणाऱ्याला तिथे कोणी काम देत नाही. अर्ज ऑक्टोबरपूर्वी पाहावेत; जानेवारी-फेब्रुवारीच्या तुकड्या लवकर भरतात. लोकरीचे दोन जोड मोजे, पाण्याने न भिजणारे हातमोजे आणि उन्हाचा काळा चष्मा येथूनच घेऊन जावे. बाकीचे साहित्य तिथे भाड्याने मिळते.